भाचा अमेरिकेत फुटबॉलच्या डिफेन्स कोचच्या हाताखाली लागलाय. यात पुढे काय असतं?

रावपुऱ्याची_मावशी

नमस्कार मंडळी, बडोद्याहून लिहितेय. माझा भाचा एमएस करायला अमेरिकेत गेलाय, विषय स्टॅटिस्टिक्स. इथे एमएसयूत (सयाजीराव विद्यापीठात) होता तेव्हा खेळाशी संबंध क्रिकेटचा स्कोअर विचारण्यापुरता. तिथे विद्यापीठाच्या फुटबॉल टीमला आकडेवारीसाठी मुलं हवी होती म्हणून गेला, आणि आता रात्र रात्र डिफेन्सवाल्यांच्या खोलीत बसून मॅचचे व्हिडिओ कापतो. परवा फोनवर म्हणाला, डेटाची नोकरी शोधणार नाही, कोचिंगच करणार, तेही डिफेन्सचं. तेव्हापासून ताईचं डोकं फिरलंय. ही नोकरी असते का, पगार मिळतो का, यात माणूस शेवटी पोचतो कुठे, आमच्या घरात कुणालाच ठाऊक नाही. कुणी जवळून पाहिलंय का?

अलकापुरी_एक्स्प्रेस

डिफेन्स म्हणजे गोलकीपरच्या पुढे उभे असतात तेच ना? त्याला स्टॅटिस्टिक्स कशाला लागतं?

निवृत्त_ओहायोकर

भाऊ, तो फुटबॉल वेगळा. हा हेल्मेटवाला, लांबट चेंडूचा.

मावशी, मी नोकरीची बरीच वर्षं कोलंबसला काढली. ओहायो स्टेट विद्यापीठाचं गाव. मॅचच्या शनिवारी लाखावर माणूस एका स्टेडियममध्ये, त्यामुळे आम्ही देशी लोक तेवढ्या वेळात निवांत किराणा आणून घ्यायचो. पुढे मलाही नाद लागला, तो आजतागायत आहे. कारेलीबागेत राहून मध्यरात्री मॅच बघणारा म्हातारा मीच.

आधी खेळ थोडक्यात. चेंडू ज्यांच्याकडे त्यांना चार संधी, तेवढ्यात दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकले की पुन्हा चार. अडवणारे अकरा जण वेगळे आणि त्यांचे कोचही वेगळे. पुढच्या फळीला एक, तिच्या मागे उभ्या राहणाऱ्या लाइनबॅकरना एक, मागच्यांना एक-दोन आणि सगळ्यांच्या वर डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर. एक डाव संपला की चाळीस सेकंदांचं घड्याळ सुरू होतं. कितवी संधी, किती यार्ड हवेत, समोरून कोण कोण मैदानात उतरलं हे बघून त्या माणसाने काही क्षणांत आपला डाव सांगायचा. पूर्वी काठावरून हातवारे आणि चित्रांचे फलक चालायचे. २०२४ पासून वरच्या गटात एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये स्पीकर असतो, तोही घड्याळात पंधरा सेकंद उरले की बंद. तेव्हा विचार करायला वेळ नसतोच, विचार आठवडाभर आधी झालेला असतो. तिसरी संधी आणि सात यार्ड हवे असताना समोरची टीम चेंडू कितीदा डावीकडे फेकते? तुमचा भाचा रात्री बसून जे करतो ते हे. बिनकामाचं नाही.

आता मार्ग. पहिली पायरी ग्रॅज्युएट असिस्टंट. विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणाला नाव हवं, बदल्यात साधारणपणे फी माफ आणि हातखर्चापुरता पैसा. व्हिडिओ कापायचे, समोरच्या टीमचे डाव कार्डांवर काढून सरावात धरून उभं राहायचं, रात्रीचं जेवण मागवायचं तेही याच पोराने. निक सेबन, ज्याच्या नावावर सात राष्ट्रीय विजेतेपदं आहेत, तो १९७३ मध्ये केंट स्टेटला असाच लागला. कोच व्हायचं त्याच्या मनातही नव्हतं. बायकोची डिग्री पूर्ण व्हायची होती म्हणून तिथे थांबला होता. त्यानंतरची त्याची यादी ताईंना वाचून दाखवा: सिरॅक्यूज, वेस्ट व्हर्जिनिया, ओहायो स्टेट, नेव्ही, आणि १९८३ मध्ये मिशिगन स्टेटला कुठे डिफेन्सचा मुख्य. दहा वर्षांत सहा गावं! मोठं घबाड हाती लागलं ते अलाबामात, २००७ नंतर.

त्याच्याच हाताखालचा कर्बी स्मार्ट. आठ हंगाम अलाबामाचा डिफेन्स सांभाळला, २०१६ मध्ये जॉर्जियाचा मुख्य कोच झाला आणि २०२१ व २०२२ चे हंगाम जिंकले. या धंद्यात तुम्ही कोणाच्या खोलीत बसलात यावर पुढची दारं उघडतात. मार्क्सवर नाही.

पैसा वरच्या टोकाला अफाट आहे. जिम नोल्स नावाचा कोच, कॉर्नेलचा पदवीधर, आधी वॉल स्ट्रीटवर काम केलेला. ओहायो स्टेटचा डिफेन्स त्याच्याकडे असताना जानेवारी २०२५ मध्ये ते विजेते झाले आणि काही दिवसांतच तो पेन स्टेटला गेला, वर्षाला तीस लाख डॉलरच्या पुढे. हेड कोचला नव्हे हो, डिफेन्सवाल्याला! पण त्याच ऑक्टोबरात पेन स्टेटने हेड कोचला काढलं. हेड कोच गेला की त्याच्याबरोबर आलेल्यांच्या खुर्च्याही हलतात, तुमचा डिफेन्स कितीही चांगला असो. नोकरी तुमची, पण तिची दोरी दुसऱ्याच्या हातात. मला या पेशात खटकतं ते एवढंच, आणि हे कमी नाही.

आमच्या शेजारी एका छोट्या कॉलेजचा लाइनबॅकर कोच राहायचा. उमदा माणूस. त्याची बायको सामान हलवायची खोकी टाकून देत नसे, गॅरेजमध्ये घडी करून ठेवायची. तिला विचारलं तर म्हणाली, नोव्हेंबरात हंगाम संपत आला की मी खोक्यांसाठी टेप विकत आणते. मुलांच्या शाळा किती बदलल्या ते तीच जाणे.

एका जागी टिकलेले अगदीच नाहीत असं नाही. बड फॉस्टर १९८७ मध्ये व्हर्जिनिया टेकला आला, १९९५ पासून डिफेन्स त्याच्याकडे आणि २०१९ मध्ये तिथूनच निवृत्त. त्याच्या पोरांची खूण होती कामगाराचा पत्र्याचा डबा. आठवडाभर मेहनत करणाऱ्याच्या हाती तो डबा जायचा. देशातल्या उत्तम असिस्टंट कोचला १९९६ पासून ब्रॉयल्स पुरस्कार देतात, तो त्याला २००६ मध्ये मिळाला. माझा सगळ्यात आवडता कोच हाच. पण असा विरळा.

चढाईबाज

ओहायोकर काका, म्हणजे ही आपली कबड्डीच झाली की! कोपरा किती बाहेर उभा करायचा, चढाईवाला बोनसला पाय टाकतोय हे बघून कव्हरने कधी सुटायचं, साखळी कोणी बंद करायची. मी पोरांना हेच शिकवतो. १९२३ मध्ये हुतूतूची अखिल भारतीय स्पर्धा बडोद्यात भरली होती, तेव्हा मावशी, पकडीचं डोकं तुमच्या भाच्याला या गावाच्या पाण्यातूनच मिळालंय. एक शंका मात्र आहे. जो कधी खेळलाच नाही त्याचं ती धिप्पाड पोरं ऐकतील?

निवृत्त_ओहायोकर

बहुतेक कोच खेळलेलेच असतात, त्यामुळे शंका रास्त आहे. पण मॅनी डियाझ कॉलेजात खेळला नव्हता. ईएसपीएन या क्रीडा वाहिनीत काम करत होता, ते सोडून फ्लोरिडा स्टेटला तळापासून सुरुवात केली, अनेक ठिकाणी डिफेन्स सांभाळला आणि आता ड्यूक विद्यापीठाचा हेड कोच आहे. तिसऱ्या संधीला समोरचा काय करणार हे तुम्ही सांगितलं आणि तसंच घडलं, की पोरं ऐकतात.

ओपीटी_संपलेला

काकांनी खेळाचं सांगितलं, मी कागदांचं सांगतो. भाचा एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, असेल तर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीस तास काम, जास्त नाही. असिस्टंटशिपचे तासही त्यातच धरतात. आणि त्या खोलीतले लोक आठवड्याला ऐंशी तास बसतात. "सगळेच थांबतात म्हणून मी पण थांबतो" हे त्याच्या अमेरिकन मित्राला परवडेल, त्याला नाही. तास लिहून ठेवू दे आणि आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या ऑफिसात आजच विचारू दे.

दुसरं, डिग्रीनंतर ओपीटी, म्हणजे काम करायची परवानगी, बारा महिने. स्टेमची (विज्ञान-गणिताच्या विषयांची) वाढीव चोवीस महिने. दोन्हीला काम डिग्रीशी थेट जोडलेलं लागतं. टीममध्ये डेटा अॅनालिस्ट म्हणून लागला तर स्टॅटिस्टिक्सशी नातं दाखवता येईल. नुसता कोच म्हणून कठीण.

रावपुऱ्याची_मावशी

सगळ्यांचे आभार. वीस तासांचं त्याला फोन करून विचारलं तर आधी गप्प बसला, मग म्हणाला बघतो. म्हणजे काय ते समजले मी. उद्या ऑफिसात जाणार आहे, मी फोटो पाठव म्हटलंय.

ताईने सेबनची यादी ऐकली आणि विचारलं, इतकी गावं बदलून त्याचं लग्न टिकलं का? टिकलं असेल तर तिला पुढचं ऐकायचंय. शिवाय, दिवाळीला पोरगा घरी कधी येणार?

निवृत्त_ओहायोकर

लग्न टिकलंय, बायको तीच, जिच्या डिग्रीसाठी थांबला होता ती.

दिवाळी विसरा. ऑगस्टअखेर ते नोव्हेंबर मॅचेस, डिसेंबरात नव्या पोरांच्या सह्या आणि हंगामाच्या शेवटचे 'बोल' नावाचे सामने, वसंतात सराव, मेमध्ये शाळाशाळांतून खेळाडू शोधत फिरणं. श्वास घ्यायला मिळतो तो जुलैच्या सुरुवातीला. मी असतो तर त्याला सांगितलं असतं, डिग्री पुरी कर, अॅनालिस्ट म्हणून दोन हंगाम काढ, आणि कुठल्या कोऑर्डिनेटरच्या खोलीत बसायला मिळतंय ते बघून मग ठरव. आणि ताईंना सांगा, तिकीट जुलैचं काढायला लावा. भर पावसाळ्यात येईल, पण येईल.