'निरोगी शहर' म्हणून महापालिकेकडे नेमकं काय मागायचं?

सायंफेरी

नमस्कार मंडळी, जरा मोठा प्रश्न आहे. आमच्या महापालिकेने नागरिकांचं आरोग्य, सुरक्षितता आणि एकूण जगणं सुधारायचं म्हणून एक कार्यक्रम जाहीर केलाय आणि प्रत्येक प्रभागातून लेखी सूचना मागवल्यात. आमच्या गटाची पहिली बैठक झाली त्यात पुढे आलं ते असं: बागेत व्यायामाची साधनं, चौकाचौकात कॅमेरे, मोफत तपासणी शिबिरं आणि वर्षातून एकदा मोठी दौड. यात वाईट काहीच नाही, पण मला सारखं वाटतंय की आपण मूळ गोष्टीला हातच घालत नाही आहोत. माझे वडील रोज संध्याकाळी फिरायला जायचे, आता जात नाहीत, कारण पाय दुखतात असं नाही तर मधला मोठा रस्ता ओलांडायची भीती वाटते. त्यांना व्यायामाचं मशीन देऊन काय उपयोग, तिथपर्यंत पोचताच येत नाही.

तर विचारायचं हे की कुठल्या शहरात काय केल्याने लोकांच्या तब्येतीत, सुरक्षिततेत खरंच मोजता येईल असा फरक पडला? आणि ते निवेदनात कसं मांडायचं म्हणजे साहेब लोक नुसतं 'नोंद घेतली' म्हणून बाजूला ठेवणार नाहीत? अनुभव असलेल्यांनी प्लीज लिहा, सविस्तर लिहिलंत तरी चालेल.

रस्ताआखणी

तुमच्या वडिलांचं उदाहरण हेच तुमच्या निवेदनाचं पहिलं पान करा, खरंच सांगतो. मी बरीच वर्षं रस्त्यांच्या आखणीचं काम करतो, त्यामुळे त्याबद्दलच लिहितो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार ५ ते २९ या वयातल्या मुलामाणसांच्या मृत्यूचं पहिल्या नंबरचं कारण रस्ते अपघात आहे, कुठलाही आजार नाही. म्हणजे शहराचं आरोग्य म्हटलं की रस्ता खातं आधी खोलीत बसलेलं पाहिजे आणि होतं उलटंच, बैठकीला फक्त आरोग्य विभाग असतो.

सगळ्यात मोठा फरक पडतो तो वेगाने. हिशोब करून बघा. ताशी ३० ने जाणारी गाडी सेकंदाला साधारण ८ मीटर जाते, ५० ची जवळजवळ १४ मीटर. समोर अचानक मूल आलं, ड्रायव्हरला कळून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद धरा, कोरडा रस्ता धरा. ३० ची गाडी १३-१४ मीटरवर पूर्ण थांबलेली असते आणि ५० वाल्याने त्याच जागेपर्यंत अजून ब्रेकसुद्धा दाबलेला नसतो, तो पूर्ण वेगात धडकतो. दोघांच्या डोळ्यांत काही फरक नाही, मूलही तेच, फरक फक्त रस्त्याने त्यांना किती वेगात जाऊ दिलं याचा.

स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये 'व्हिजन झिरो' हे धोरणच मंजूर केलं, त्यात म्हणणं असं की माणूस चुकणारच, पण त्या चुकीची शिक्षा मरण नको, म्हणून रस्ताच तसा बांधायचा. २०१९ मध्ये ऑस्लो शहरात वर्षभरात एकही पायी चालणारा किंवा सायकलवाला गाडीखाली मेला नाही. हेलसिंकीत आता निम्म्याहून जास्त रस्त्यांवर ३० ची मर्यादा आहे आणि २०२५ च्या उन्हाळ्यापर्यंतच्या पूर्ण एका वर्षात तिथे रस्ते अपघातात कोणीच दगावलं नाही.

पण नुसती '३०' ची पाटी मागू नका. पाटी बघून कोणी हळू होत नाही, रस्ता रुंद आणि सरळ दिसला की पाय आपोआप दाबला जातो. मागायचं ते हे: लेन अरुंद करा, कोपऱ्यावरची वळणं आवळून घ्या म्हणजे गाडीला वळताना हळू व्हावंच लागेल, क्रॉसिंग फुटपाथच्या उंचीला उचलून घ्या, आणि रुंद रस्त्याच्या मधोमध उभं राहायला सुरक्षित बेट द्या. सिग्नलचंही बघा. चालणाऱ्याचा वेळ ठरवताना बरेच ठिकाणी सेकंदाला १.२ मीटर धरतात. १८ मीटरचा रस्ता असला तर त्या हिशोबाने १५ सेकंद मिळतात, पण वयस्कर माणूस ०.८ ने चालत असेल तर त्याला २२ लागतात, म्हणजे दिवा लाल होतो तेव्हा त्याचा साधारण ६ मीटर रस्ता ओलांडायचा उरलेला असतो. तुम्ही स्वतः घड्याळ घेऊन उभे राहा, रस्त्याची रुंदी आणि हिरव्या दिव्याचे सेकंद लिहून घ्या आणि तेच निवेदनात टाका.

कोपऱ्यावरचं_दुकान

विरोध म्हणून लिहित नाही पण व्यवहाराचं बोलूया. रस्ते अरुंद केले, वेग कमी केला की गाड्या तुंबतात, गिऱ्हाईक येत नाही, आणि शेवटी धुरात आम्हीच दिवसभर बसतो. रस्ताआखणींनी सांगितलं ते कागदावर बरोबर असेल, पण लोक ऐकणार नाहीत. कुठल्या शहरात लोकांनी अशी गोष्ट आपणहून मान्य केलीये?

रस्ताआखणी

बरोबर प्रश्न आहे आणि याचं उत्तर स्टॉकहोममध्ये आहे. तिथे शहराच्या मध्यभागात गाडी आणायला शुल्क लावायचं ठरलं तेव्हा बहुतेक लोक विरोधातच होते. मग त्यांनी काय केलं, कायमचं न करता जानेवारी ते जुलै २००६ अशी सात महिन्यांची चाचणी घेतली. हद्द ओलांडणाऱ्या गाड्या साधारण २० टक्क्यांनी कमी झाल्या, रस्ते मोकळे झालेले लोकांना डोळ्यांनी दिसले, आणि मग सप्टेंबरात शहरात मत घेतलं तर बहुमत बाजूने पडलं. २००७ च्या ऑगस्टपासून ते कायम झालं. नंतर संशोधकांनी बघितलं तर लहान मुलांना दम्याच्या झटक्यासाठी डॉक्टरकडे न्यावं लागायचं ते प्रमाणही उतरलं होतं, आणि ते लगेच नाही, हळूहळू उतरत गेलं.

तुंबण्याचं म्हणाल तर शहरातली गाडी किती वेळात पोचते हे मधल्या वेगावर कमी आणि चौकात किती थांबते यावर जास्त ठरतं. दोन सिग्नलच्या मध्ये ५० ने पळून पुढच्या लाल दिव्याला उभं राहायचं, यात वाचतं काय?

म्हणून सायंफेरी, तुम्हीही 'कायमचं करा' असं न म्हणता 'सहा महिने करून बघा, आधी मोजा, नंतर मोजा' असं मागा. दुकानदारांना पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या, मोजणीत त्यांचं गिऱ्हाईकही मोजा.

रात्रपाळी

मी इस्पितळात अपघात विभागात नर्स आहे. कॅमेऱ्यांचा मुद्दा आलाय म्हणून लिहिते.

सुरक्षितता म्हटलं की सगळे पोलिसांच्या आकड्यांकडे बघतात, पण आमच्याकडे फुटलेलं डोकं, कापलेला हात घेऊन येणारे कितीतरी जण पोलिसांकडे जातच नाहीत. भीती असते, नातं असतं, पुन्हा त्याच गल्लीत राहायचं असतं. मग तो प्रसंग कुठल्याच नकाशावर येत नाही आणि तिथे ना दिवा लागतो ना गस्त जाते.

वेल्समधल्या कार्डिफ शहरात जोनाथन शेपर्ड नावाचे जबड्याच्या शस्त्रक्रिया करणारे सर्जन होते, त्यांना हेच दिसलं. त्यांनी एक साधी पद्धत बसवली, मारहाणीतून जखमी झालेला माणूस आला की खिडकीवरच विचारायचं: कुठे झालं, कधी झालं, कशाने मारलं. नाव-पत्ता काढून टाकायचा आणि उरलेली माहिती पोलीस आणि पालिकेच्या लोकांना नियमित द्यायची. त्यातून कळतं की अमुक रस्ता, अमुक वार, मध्यरात्रीनंतर. चेहऱ्यावरच्या जखमा फुटक्या ग्लासने होतात हेही तिथेच पुढे आलं आणि बारमध्ये सहज न फुटणारी काच वापरायचा आग्रह धरला गेला. २०११ मध्ये याचा अभ्यास छापून आला, तशाच दुसऱ्या १४ शहरांशी तुलना केली तर मारहाणीमुळे भरती होणाऱ्यांचं प्रमाण ४२ टक्क्यांनी कमी निघालं. यासाठी नवी इमारत लागली नाही, मशीन लागलं नाही. तीन प्रश्न विचारायला एक मिनिट लागतं, मी रोज कागद भरते त्यात तीन ओळी वाढल्या तर मला काहीही जड जाणार नाही, उलट त्या रात्रीचं काहीतरी पुढे गेलं असं वाटेल.

माझी कळकळीची विनंती आहे, हे निवेदनात टाकाच. आणि नाव उघड होणार नाही ही अट त्यातच लिहा, नाहीतर बायका बोलणार नाहीत.

मोकळी_जागा

रात्रपाळी ताई, फार महत्त्वाचं लिहिलंत. यात थोडी भर घालते.

कॅमेरा घडून गेल्यावर दाखवतो. उजेडाचा उपयोग आधी होतो. न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली सरकारी वसाहतींमध्ये चिठ्ठ्या टाकल्यासारख्या काही जागा निवडून तिथे जास्तीचे दिवे लावले आणि उरलेल्यांशी तुलना केली, तर रात्री उघड्यावर होणारे गंभीर गुन्हे साधारण ३६ टक्क्यांनी कमी झाले. दिवे मागताना मात्र फुटपाथवर उजेड पडेल असे मागा, बहुतेक खांब गाड्यांसाठी असतात आणि चालणारी बाई झाडाच्या सावलीत अंधारातच राहते.

दुसरं, पडीक प्लॉट. फिलाडेल्फियात ५०० हून जास्त पडीक जागा घेतल्या आणि तीन गट केले, एका गटात कचरा काढून माती सारखी केली, गवत लावलं, थोडी झाडं लावली आणि भोवती बुटकं लाकडी कुंपण घातलं, ज्यातून आत जाता येईल. दुसऱ्या गटात नुसता कचरा काढला. तिसऱ्याला हात लावला नाही. २०१८ मध्ये निकाल आले तर गवत लावलेल्या जागांजवळ राहणाऱ्यांमध्ये 'उदास वाटतं' म्हणणारे ४० टक्क्यांच्या आसपास कमी झाले होते, नुसता कचरा काढला तिथे तसा ठळक फरक दिसला नाही. मला त्यातलं ते बुटकं कुंपण फार आवडतं. उंच भिंत घातली असती तर जागा परत कोणाचीच राहिली नसती, बुटक्या कुंपणाने कळतं की कोणीतरी हिची काळजी घेतंय आणि तरी तुम्ही आत येऊ शकता.

आणि बागेत व्यायामाची साधनं ठरवायच्या आधी तिथे कोण येत नाही ते बघा. व्हिएन्नात ९० च्या दशकात पाहणी केली तर वयाच्या नऊ वर्षांनंतर मुलींचं बागेत येणं खूप कमी होतं असं दिसलं, मुलगे येतच राहतात. कारण सगळी मोकळी जागा एका मोठ्या खेळाच्या मैदानात गेलेली. मग त्यांनी जागा छोट्या भागांत वाटली, चांगल्या पायवाटा केल्या, व्हॉलीबॉलसारखे खेळ आणले आणि मुली परत दिसायला लागल्या. स्वच्छ, दार लागणारं स्वच्छतागृह आणि बसायला पाठ टेकता येईल असा बाक, या दोन गोष्टी नसल्या तर बायका आणि म्हातारी माणसं बागेत अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबूच शकत नाहीत.

उन्हाची_झळ

एक गोष्ट कोणीच काढली नाही म्हणून लिहितो, उष्णता आणि एकटेपणा, दोन्ही एकत्रच मांडतो कारण मरणारा माणूस दोन्हीत सापडलेला असतो.

जुलै १९९५ मध्ये शिकागोत उष्णतेची लाट आली, आठवड्याभरात ७०० हून जास्त माणसं गेली. त्यातले बरेच वयस्कर, एकटे, चोरीच्या भीतीने खिडक्या घट्ट लावून बसलेले. आणि शेजारी शेजारी असलेल्या दोन गरीब वस्त्या, ऊन तेच, तरी जिथे रस्त्यावर दुकानं उघडी, माणसांची ये-जा आणि ओळखीपाळखी होत्या तिथे मृत्यू खूप कमी झाले. १९९९ मध्ये परत लाट आली तेव्हा पालिकेने एकट्या राहणाऱ्या वृद्धांना फोन केले, माणसं दारापर्यंत पाठवली, थंड जागा उघडल्या, आणि मृत्यू बरेच कमी राहिले.

अहमदाबादला मे २०१० च्या उन्हात नेहमीपेक्षा १३०० हून जास्त मृत्यू झाल्याचा अंदाज पुढे आला, त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेसाठीची कृती योजना केली. तापमान अमुक वर जाणार असा अंदाज आला की कुठला विभाग काय करणार हे आधीच ठरलेलं, दवाखान्यातल्या लोकांना उष्माघात ओळखायचं प्रशिक्षण, वस्त्यांमध्ये सूचना. दक्षिण आशियात असं करणारं ते पहिलं शहर.

तुमच्या प्रभागात एकटं कोण राहतं याची यादी कोणाकडे आहे का, हे विचारा. बहुतेक नसेलच. ती यादी, त्यांच्या संमतीने, तुमचा गट स्वतः करू शकतो, त्यासाठी कोणाच्या मंजुरीची वाट बघायची गरज नाही.

सायंफेरी

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. काल मी आणि गटातल्या दोघी जणी त्या रस्त्यावर जाऊन मोजून आलो. रुंदी २१ मीटर, चालणाऱ्यांचा हिरवा दिवा १६ सेकंद, मध्ये थांबायला काही नाही. रस्ताआखणींच्या हिशोबाने वयस्कर माणसाला २६ सेकंद लागतील. हे पहिल्या पानावर जाणार.

आता निवेदनात चार मागण्या ठेवतोय: त्या एका चौकाची सहा महिन्यांची चाचणी, फुटपाथवरचा उजेड, इस्पितळातले तीन प्रश्न, आणि शाळेमागची पडीक जागा. एकट्या वृद्धांची यादी आम्हीच करतो. शिबिरं आणि दौड यांना विरोध करायचा नाही असं ठरलंय, ते काम करणारी माणसं चांगली आहेत आणि त्यांची साथ लागणार आहे. शेवटचा प्रश्न, निवेदन कोणाच्या नावाने द्यायचं? आरोग्य विभाग म्हणतो रस्ता आमच्याकडे नाही, रस्ता विभाग म्हणतो आरोग्य आमच्याकडे नाही.

रस्ताआखणी

आयुक्तांच्या नावाने द्या आणि प्रती आरोग्य, रस्ते, विद्युत आणि उद्यान या चारही विभागांना, प्रत्येकाची पोच वेगळी घ्या. प्रत्येक मागणीसमोर विभागाचं नाव आणि काय मोजायचं ते लिहा, उदाहरणार्थ चौकासमोर: गाड्यांचा सरासरी वेग, दिवा लाल होताना रस्त्यात अडकलेली माणसं, दुकानातलं गिऱ्हाईक. चाचणी सुरू व्हायच्या आधीची मोजणी नसेल तर नंतर कोणीही काहीही म्हणू शकतं, त्यामुळे ती लगेच सुरू करा, कामाचा दिवस आणि सुट्टीचा दिवस दोन्ही घ्या, आणि पाऊस असेल तर तशी नोंद करा.

कोपऱ्यावरचं_दुकान

गिऱ्हाईक मोजायचं असेल तर कसं मोजायचं ते मी सांगू शकतो, दुकानदारांना आमच्यातल्याच कोणी सांगितलं तर ऐकतील. मला मेसेज करा.