मदत हवी आहे : विधि व न्यायविषयक संसदीय समितीकडे निवेदन कसे पाठवावे?

मृद्गंध :
आमचे प्रकरण 9 वर्षांपासून रखडले आहे आणि आता तर केवळ तारखा पडत आहेत. संसदेची विधि व न्यायविषयक समिती संबंधितांना जाब विचारू शकते का, आणि निवेदन कोणाच्या नावे करावे? वडील थकले आहेत, त्यामुळे कृपया लवकर सांगावे.

देवराई :
प्रकरण म्हणजे न्यायालयातील दावा, की एखाद्या कार्यालयातील अर्ज? दावा असल्यास कोणत्या स्तरावरच्या न्यायालयात? आपण म्हणता ती कार्मिक, लोकतक्रार, विधि व न्याय या विभागांची स्थायी समिती असून तिचे कामकाज राज्यसभा सचिवालय पाहते. लोकसभेचे 21 आणि राज्यसभेचे 10 असे 31 सदस्य तिच्यात असतात. मंत्र्यांना सदस्य होता येत नाही. अनुदानाच्या मागण्या, सोपवलेली विधेयके, वार्षिक अहवाल आणि दीर्घकालीन धोरणे यांची छाननी करणे हे तिचे काम. दैनंदिन प्रशासनाच्या बाबींत ती पडत नाही.

नांगरट :
याचिका समिती गाठा. मी स्वतः एका सार्वजनिक प्रश्नावर लोकसभेच्या याचिका समितीकडे निवेदन दिले होते आणि संबंधित मंत्रालयाला त्यावर उत्तर द्यावे लागले. मजकूर मराठीत असेल तर हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडा.

देवराई :
नांगरट, आपला अनुभव मोलाचा आहे, पण न्यायालयाच्या कक्षेतील बाबीवर तिथे याचिका चालत नाही. आधी प्रकरण कळू द्या.

चंद्रमौळी :
मी विधि आयोगाला लिहिण्याचा सल्ला देईन. शिवाय फौजदारी कायद्यांची तीन नवी विधेयके याच स्थायी समितीने तपासली होती, म्हणजे तिचा अधिकार मोठा आहे.

अक्षरवेल :
चंद्रमौळी, 2023 मधील ती विधेयके गृह विभागाच्या स्थायी समितीकडे गेली होती. विषय कायद्याचा असला तरी विधेयक कोणत्या मंत्रालयाचे आहे, यावर समिती ठरते. विधि आयोग तर सरकार नेमते; तो संसदेची समिती नव्हे. एक वेगळी माहितीही देते : विधि सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधि साहाय्य मिळू शकते.

मृद्गंध :
आम्हांला वकील आहेत. साहाय्य मागितलेले नाही. वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीचा दावा तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात असून तेथील न्यायाधीशांचे पद वर्षभर रिक्त आहे. प्रभार दुसऱ्या तालुक्यातील न्यायाधीशांकडे असल्याने सुनावणी होतच नाही. हे लिहायचे राहून गेले.

देवराई :
सारा प्रश्न याच एका वाक्यात होता. राज्यघटनेच्या अनुच्छेद 235 नुसार दुय्यम न्यायालयांवरील नियंत्रण उच्च न्यायालयाकडे आहे, त्यामुळे आपल्या दाव्याबाबत संसदीय समिती कोणालाही आदेश देऊ शकत नाही. वकिलांना दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 24 खाली जिल्हा न्यायालयात अर्ज करून दावा दुसऱ्या सक्षम न्यायालयाकडे वर्ग करून घेता येईल का, हे आजच विचारा.

नांगरट :
मग या समितीचा उपयोग तरी काय? तिच्या शिफारशी सरकारवर बंधनकारकही नाहीत.

अक्षरवेल :
बंधनकारक नाहीत हे खरे, पण निष्फळही नाहीत. 2021 च्या मध्यस्थी विधेयकात दाव्यापूर्वीची मध्यस्थी सक्तीची होती. या समितीने त्या सक्तीचा फेरविचार करण्यास सुचवले आणि 2023 च्या अधिनियमात ती ऐच्छिक झाली. ऑगस्ट 2023 मधील तिच्या 133 व्या अहवालात सर्वोच्च न्यायालयाची प्रादेशिक खंडपीठे, न्यायालयांच्या सुट्ट्या आणि न्यायाधीशांचे निवृत्तीचे वय हे विषय आहेत. रिक्त पदांचा प्रश्नही धोरणाचा आहे, म्हणून त्यावर लिहिणे योग्यच ठरेल. एखादे विधेयक वा विषय हाती घेतल्यावर समिती जाहिरात देऊन सूचना मागवते, तेव्हा पाठवलेले निवेदन नेमक्या वेळी पोहोचते.

मृद्गंध :
मनापासून आभार. वकिलांशी आताच बोलले. ते दावा वर्ग करण्याचा अर्ज तयार करत आहेत. समितीला रिक्त पदांविषयी स्वतंत्रपणे लिहीन. त्यात दाव्याचा क्रमांक द्यावा का?

देवराई :
अर्जात अवश्य द्यावा, निवेदनात देऊ नये. तिथे पद किती काळ रिक्त आहे आणि त्या काळात किती तारखा सुनावणीविना गेल्या, एवढे नेमके मांडा.