सॅक १४ किलोची झालीय: एका वस्तूकडून दोन-तीन कामं कशी करून घेता?

कोपरीकर
मंडळी, डिसेंबरअखेर रतनगड – कात्राबाई खिंड – कुमशेत – पाचनई – हरिश्चंद्रगड करून टोलार खिंडीतून खिरेश्वरला उतरायच्या ट्रेकचा बेत आहे. दोघेच आहोत, दोन मुक्काम. काल सॅक भरून काट्यावर ठेवली तर पाणी न धरता १४ किलो! माझं वजन ६२. ती घेऊन ठाण्यातला येऊरचा डोंगर चढलो, खांदे अजून ठणकतायत.

आत काय आहे: दोन माणसांचा तंबू (पावणेतीन किलो), स्लीपिंग बॅग, मॅट, हवेची उशी, गॅसची शेगडी, दोन पातेली, ताट, मग, रेनकोट, सॅकचं कव्हर, टॉवेल, मल्टिटूल, २०,०००ची पॉवरबँक, स्टीलच्या दोन बाटल्या, कपडे.

सध्या यूट्यूबवर अमेरिकेतल्या डोंगरात एल्कच्या (मोठ्या हरणाच्या) शिकारीला जाणाऱ्यांचे व्हिडिओ बघतोय. परतताना मांस पाठीवरून आणायचं असतं, म्हणून निघताना ग्रॅम-ग्रॅम मोजतात. चालायच्या काठीवरच ताडपत्री उभारतात. मांसाच्या कोऱ्या पिशव्यांत जाताना कपडे भरतात. आपल्याकडे १९७२च्या कायद्यानंतर शिकारीचं नाव काढायला नको, पण बॅग भरायची अक्कल घ्यायला काय हरकत आहे? अशा बहुउपयोगी वस्तू सुचवा.

डोंबिवली_फास्ट
आधी जोडीदाराला बहुउपयोगी करा. तंबू त्याच्याकडे द्या. 😄

शिलाई_ऐरोली
मी शिवणकाम करते, सेक्टरमध्ये छोटं दुकान आहे, आणि थंडीत डोंगरात जाते. त्यामुळे माझं उत्तर कापडापासून सुरू होणार.

बहुउपयोगी वस्तू घेताना एकच विचारायचं: ही घेतली की घरी काय राहतं? काहीच राहत नसेल तर ती सॅकमध्ये पडलेली आणखी एक वस्तू. तुझं मल्टिटूल बघ. पक्कड, पेचकस, करवत, डबा उघडायचं पातं. या वाटेवर पेचकस कशाला फिरवणार आहेस? छोटी घडीची सुरी आण, कांदा कापला जातो, दोरी कापली जाते, बास.

आता ओढणी. साधी सुती, सव्वादोन मीटरची. दुपारी कात्राबाईच्या चढाला डोक्यावर आणि मानेवर, पहाटे कानाला, आंघोळीनंतर अंग पुसायला, गरम पातेलं धरायला. हात मुरगळला तर गळ्यात झोळी. पुरुषांनी पंचा घ्यावा, काम तेच. तुझा टॉवेल आणि कानटोपी दोन्ही घरी राहतात. फक्त पातेल्याची काजळी पुसलेल्या फडक्याने जखम बांधू नका. त्यासाठी गॉज आणि पट्टी वेगळीच ठेवायची, तिथे काटकसर नको.

पोंचो मी स्वतः शिवलाय. ६० इंच पन्ह्याचं कोटिंगवालं नायलॉन, मधे टोपी, चारही कडांना दुहेरी दुमड आणि कोपऱ्यांत नाडीचे फासे. अवकाळी आला तर सॅकसकट अंगावर येतो, म्हणजे रेनकोट आणि सॅकचं कव्हर गेलं. रात्री मॅटखाली अंथरला की जमिनीची ओल वर येत नाही. काठी आणि दोरी असेल तर आडोसाही होतो. शिवणार असशील तर मधोमध जोड देऊ नकोस. सुई जिथे जिथे टोचते तिथून पाणी झिरपतं. टोपीच्या शिवणीला आतून सीम टेप (पाणी अडवणारी चिकटपट्टी) लावावीच लागते. आणि हो, पाऊस पडत असताना तो अंगावर तरी राहील नाहीतर आडोसा तरी होईल, दोन्ही एकदम नाही. पावसाळ्यात मी एवढ्यावर भिस्त ठेवणार नाही.

उशी कशाला? स्लीपिंग बॅगच्या पिशवीत जास्तीचे कपडे कोंब. मॅट गुंडाळून बाहेर लटकवण्यापेक्षा सॅकच्या आत उभी गोल लाव आणि सामान तिच्या पोटात भर. पाठीला भांडं टोचत नाही, करवंदीच्या जाळीत मॅट फाटत नाही. सगळ्याच्या आत कचऱ्याची मोठी जाड काळी पिशवी. बाहेरच्या कव्हरपेक्षा तिचा माझा भरवसा जास्त. उतरताना तिच्यातूनच कचरा खाली येतो.

कोपरीकर
ताई, पोंचोचं पटलं. पण तंबूऐवजी तोच पुरेल? आणि टॉर्च वगळून मोबाइल वापरला तर? नकाशा, कॅमेरा, टॉर्च सगळं त्यातच आहे.

कसारा_लोकल
टॉर्च वगळू नका. एका वस्तूवर चार कामं टाकली की ती बंद पडल्यावर चारही अडतात. थंडीत बॅटरी लवकर उतरते, खिंडीत रेंज शोधत राहिली की अजून लवकर. हेडटॉर्च वेगळा, नकाशा कागदावर. दोन मुक्कामांना १०,०००ची पॉवरबँक पुरते, मोबाइल फ्लाइट मोडवर ठेवा.

दुसरं, तुम्ही कसाऱ्यापर्यंत लोकलनेच जाणार ना? गॅसचा डबा रेल्वेत न्यायला बंदी आहे. शेगडी, डबा, दोन्ही पातेली सगळंच घरी ठेवा. रतनवाडी, कुमशेत, पाचनईत आदल्या दिवशी फोन केला तर पिठलं-भाकरी मिळते, पैसेही गावातच राहतात. हा सगळा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग आहे, त्यामुळे लाकडं गोळा करून चूल पेटवायचा विचारही नको. मधल्या खाण्याला दशम्या, चटणी, गूळ-शेंगदाणे.

शिलाई_ऐरोली
शेगडी जाणार असेल तर एक स्टीलचा खोल डबा ठेव, घट्ट झाकणाचा. जाताना त्यात दशम्या, मग तोच ताट आणि तोच चहाचा पेला. बाटल्याही बदल. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, ते टळत नाही, पण वर स्टीलचं वजन कशाला? पाण्याच्या विकतच्या प्लास्टिक बाटल्या दोन-तीन घे, गावात भरत जा. क्लोरीनच्या गोळ्या आणि ओआरएसची पाकिटं विसरू नकोस.

तंबूचं म्हणशील तर मी नेणार नाही. गावात विचारून कुणाच्या पडवीत झोपता येतं. पण जोडीदार पहिल्यांदाच येत असेल आणि उघड्यावर झोप लागत नसेल तर तंबू न्या. दांडे एकाकडे, कापड दुसऱ्याकडे. न झोपलेल्या माणसाला घेऊन खिंड चढणं त्या पावणेतीन किलोपेक्षा जड जातं.

कोपरीकर
जोडीदार म्हणजे बायको आहे, पहिलाच रेंज ट्रेक (डोंगररांगेतून सलग काही दिवस चालायचा). तंबू राहतोय. बाकी काढून आत्ता पुन्हा तोललं, ९ किलो भरलं. ताई, पोंचो ऑर्डरने शिवून मिळेल का?

शिलाई_ऐरोली
मिळेल, दोघांची उंची कळव. कापड तूच आण. कोटिंग कुठल्या बाजूला आहे ते दुकानातच बघून घे.