हिपॅटायटिस बी निघाला की लगेच गोळी सुरू करावी का?

रेवा_सातारा:
२०२२ साली रक्तदान शिबिरानंतर रक्तपेढीतून नवऱ्याला फोन आला, हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी एसजीपीटी (लिव्हरला इजा होतेय का ते दाखवणारी रक्ततपासणी), मध्ये मध्ये व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती ते), सोनोग्राफी. उत्तर ठरलेलं, "आकडे बरे आहेत, औषध नको." सासूबाई लिव्हरच्या कॅन्सरने गेल्या. रिपोर्टचं पाकीट फोडताना ह्यांचा हात थरथरतो. एचआयव्हीला आपल्याकडे २०१७ पासून सीडी-४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) कितीही असो, निदान झालं की गोळ्या सुरू होतात. त्यातलं टेनोफोविर हे औषध हिपॅटायटिस बीवरही चालतं. मग इथे लिव्हर बिघडायची वाट का बघायची? सगळ्यांना लगेच सुरू करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

फार्मासिस्ट_कराड:
सरसकट द्यायला माझा विरोध. उपचार नसले तर एचआयव्ही जवळजवळ प्रत्येकाची प्रतिकारशक्ती पोखरतो. बी कित्येकांच्या अंगात वर्षानुवर्षं निपचित असतो. टेनोफोविर त्याची वाढ थांबवते, पण लिव्हरच्या पेशीत दडलेला त्याचा डीएनए तसाच राहतो. म्हणून गोळी बहुधा जन्मभराची. मनाने बंद केली तर विषाणू उसळतो, क्वचित लिव्हर निकामी होण्यापर्यंत जातं. "आता बरं वाटतंय" म्हणून बीपीची गोळी सोडणारे मला काउंटरवर रोज भेटतात. किडनी आणि हाडांकडेही लक्ष ठेवावं लागतं.

एआरटी_समुपदेशक:
लोक गोळी सोडतात, पण का तेही बघा. आमच्या एआरटी केंद्रातून, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रातून, ३० गोळ्यांची डबी मिळते. बाहेर पायरीवर बसून काही जण ती रुमालात रिकामी करतात. एसटीत डबी खुळखुळली की शेजारचा विचारतो, कसल्या गोळ्या? दमट हवेत खराब होतील म्हणून सांगितलं तरी करतात. आणि तरीही वर्षानुवर्षं न चुकता घेणारे कितीतरी आहेत, कारण न आलेल्याला फोन करणारं कुणीतरी आहे. बीचं औषधही २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून मोफत मिळतं. तिथेही असं माणूस हवं.
ताई, घाईबद्दल मात्र एक सांगते. एचआयव्ही न तपासता बीसाठी एकटी टेनोफोविर सुरू केली आणि दोन्ही निघाले, तर एचआयव्ही त्या औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. उलट बाजूही तशीच. दोन्ही असलेल्याची एचआयव्हीची गोळी बदलताना टेनोफोविर गळली, तर बी उसळतो.

फार्मासिस्ट_कराड:
म्हणजे आधी माणसं नेमा, मग सगळ्यांना गोळी. माझं म्हणणं तेच.
पण रेवाताई, तुमच्या यजमानांचं वेगळं वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४च्या सूचनांत घरात लिव्हरचा कॅन्सर किंवा सिरोसिस (लिव्हर कडक होऊन कायमचं खराब होणं) झालेला असेल, तर एसजीपीटी आणि लोड कितीही असला तरी उपचार सुचवलेत. सासूबाईंचं डॉक्टरांना सांगितलंय का?

रेवा_सातारा:
नाही. त्यांनी विचारलं नाही आणि आम्हाला सुचलं नाही. सासूबाईंची फाइल माळ्यावर आहे, आज काढते. पण हेच बघा ना, एक प्रश्न राहिला आणि इतकी वर्षं गेली. निकष जितके जास्त तितकी माणसं निसटतात, म्हणून मी अजूनही सगळ्यांना द्या म्हणते. दीर आणि नणंदेची तर तपासणीच झालेली नाही.

एआरटी_समुपदेशक:
त्यांनाही सोबत न्या. निगेटिव्ह आले तर लस घेता येईल.