मिलवॉकीत घर बघतोय, पण एजंट वस्तीबद्दल बोलायलाच तयार नाही. असं का?

सोलापुरी_चादर

नमस्कार मंडळी. डॅलसहून मिलवॉकीला बदली होतेय, ऑफिस वॉकेशाच्या बाजूला. लेक यंदा पहिलीत जाईल. गेल्या आठवड्यात घरं बघून आलो. एजंट बाई कामाला चोख. छप्पर कधी बदललं, तळघरात पाणी शिरतं का, सगळं न विचारता सांगतात. पण मी साधं विचारलं, "एरिया सेफ आहे ना? आपले इंडियन लोक किती आहेत?" तर बाई एकदम गप्प. म्हणे यावर मला बोलता येत नाही, तुम्ही स्वतः चौकशी करा. शाळेबद्दल विचारलं तरी तेच.

आणखी एक. शोरवुड हे उपनगर बघून ब्रुकफील्ड या दुसऱ्या उपनगरात गेलो, कॅपिटल ड्राइव्ह धरून सरळ पश्चिमेला. मिशिगन सरोवराकाठी शोरवुडमध्ये झाडं, कॉफीची दुकानं, गोरी मंडळी. नदी ओलांडून थोडं पुढे गेलं की जवळजवळ सगळे ब्लॅक, बंद पडलेल्या कारखान्यांच्या मोकळ्या जागा, काचेआड बसलेला पेट्रोल पंपवाला. आणि १२४वा रस्ता ओलांडला की मोठाली हिरवळ आणि परत सगळे गोरे. एकाच रस्त्यावर! डॅलसच्या प्लेनो-फ्रिस्कोत हे इतकं डोळ्यांवर येत नाही. ऑफिसातले देशी सांगतात, "ब्रुकफील्ड नाहीतर मेक्वॉन. शहराकडे बघूच नका."

हे असं का झालंय? आणि घर नक्की कुठे बघावं?

ओहायोचा_बाळ्या

एजंटबाईंना दोष देऊ नका, त्या लायसन्स सांभाळतायत. १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्यात 'स्टिअरिंग'ला बंदी आहे, म्हणजे गिऱ्हाइकाचा वंश, धर्म, मूळ देश बघून त्याला अमुक वस्तीकडे वळवायचं किंवा तमुक वस्तीपासून लांब ठेवायचं. आमची ही इकडे कोलंबसला एजंट आहे, तिच्याकडून हे पहिल्यांदा घोकून घेतलं होतं. शिवाय संस्था बनावट गिऱ्हाइकं पाठवतात. एक गोरं जोडपं, एक ब्लॅक जोडपं, पगार सारखा, आणि कोणाला कुठली घरं दाखवली ते नंतर ताडून बघतात. मिलवॉकीत असलं काम करणारी संस्था १९७७ पासून आहे. "इंडियन किती?" याचं उत्तर दिलं तरी बाई अडकतात. जनगणनेचे आकडे आणि शाळांचे निकाल दोन्ही सरकारी साइटवर आहेत, तिथे बघा.

मुळशीकर

एवढं काय त्यात? आमच्या पुण्यात ब्रोकर फोनवरच आडनाव विचारतो, वर "ओन्ली व्हेज फॅमिली". प्रत्येकाला आपल्या माणसांत राहायचं असतं. मिलवॉकीत पोलिश पोलिशांत राहिले, जर्मन जर्मनांत. पैसा असला की माणूस चांगल्या भागात जातो, नसला की नाही. प्रत्येक गोष्टीत वंशवाद कशाला शोधायचा?

तोसाकरीण

मुळशीकर, बरं झालं पोलिशांचं नाव काढलंत, त्यांच्याकडे येतेच.

मी वॉवाटोसात राहते, मिलवॉकीला लागून पश्चिमेला. इथे सगळे नुसतं 'तोसा' म्हणतात. आमच्या घरापासून चालत जाता येईल अशी वॉशिंग्टन हायलंड्स नावाची वसाहत आहे. वळणदार रस्ते, मधून ओढा, फारच सुंदर. १९१९ मध्ये तिथल्या दस्तात अट घातली, की गोऱ्या वंशाखेरीज कोणालाही ही जागा विकत घेता येणार नाही, भाड्याने घेता येणार नाही, तिथे राहताही येणार नाही. अपवाद एकच: मालकाकडे कामाला असलेले घरगडी. म्हणजे रात्री तिथे झोपायला हरकत नव्हती, झोपायच्या खोलीवर हक्क नको होता. हा एका वसाहतीचा आगाऊपणा नव्हे. १९७९ मध्ये मिलवॉकी काउंटीतले जुने दस्त तपासले, तर १८ पैकी १६ उपनगरांत अशा अटी सापडल्या.

म्हणून तुमचा पैशाचा मुद्दा मला पटत नाही. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला दस्तात अडवायची गरजच काय? पैसे असलेला माणूस दारात येईल, ही भीती होती म्हणून तर अट घातली.

आणि "आपण त्यात नव्हतो" असं कोणाला वाटत असेल तर तेही नाही. दस्तात 'ब्लॅक नको' असं लिहिलेलं नाही, 'गोरे सोडून कोणीही नको' असं आहे. भगतसिंग थिंद अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केलेले गृहस्थ. १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना सांगितलं की तुम्ही गोरे नाही, नागरिकत्व मिळणार नाही. तेव्हा हायलंड्समध्ये तुमची-आमची जागाही घरगड्यांच्या खोलीतच होती.

१९४८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कोर्टं या अटींची अंमलबजावणी करणार नाहीत. पण कागद निकामी झाला म्हणून माणसं बदलली नाहीत. झेडी हायलर यांना १९५५ मध्ये तोसात घर बांधायचं होतं. ब्लॅक माणसाला प्लॉट कोणी विकेना, म्हणून गोऱ्या मित्राच्या नावाने जमीन घ्यावी लागली.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली, जिच्याबद्दल कमी बोललं जातं. तोवर मिलवॉकी शहर आजूबाजूची जमीन हद्दीत ओढून घेत वाढत होतं. महापौर झाइडलर समाजवादी होते आणि या कामाला हिरिरीने लागले होते. १९५५ मध्ये विधिमंडळाने कायदा केला, त्यामुळे कडेच्या गावांना स्वतंत्र पालिका करून घेणं सोपं झालं. शहराभोवती उपनगरांचं कडं पडलं. प्रत्येकाची शाळा वेगळी, कर वेगळा, बांधकामाचे नियम वेगळे. आणि नेमकं याच काळात दक्षिणेतून ब्लॅक कुटुंबं कारखान्यांत कामाला येत होती. १९४० मध्ये शहरात नऊ हजारही नव्हती ब्लॅक माणसं, १९७० मध्ये लाखावर गेली. येणाऱ्यांना एकच दार उघडं, उत्तरेकडच्या जुन्या वस्तीचं. तिच्याही पोटातून फ्रीवे काढला, ब्रॉन्झव्हिल या ब्लॅक वस्तीतली दुकानं नि घरं त्यात गेली.

आता पोलिश. व्हेल फिलिप्स या नगरपरिषदेतल्या पहिल्या स्त्री आणि पहिल्या ब्लॅक सदस्य. १९६२ मध्ये त्यांनी घर विकताना-भाड्याने देताना भेदभाव करायला बंदी घालणारा ठराव मांडला. निकाल १८ विरुद्ध १. ते एक मत त्यांचं स्वतःचं. पुन्हा पुन्हा मांडला, पुन्हा पुन्हा पडला. शेवटी २८ ऑगस्ट १९६७ ला तरुण पोरं आणि कॅथलिक पाद्री फादर ग्रॉपी सोळाव्या रस्त्याच्या पुलावरून दक्षिण बाजूच्या पोलिश वस्तीत मोर्चा घेऊन गेले. समोर हजारोंचा जमाव, दगड, बाटल्या, शिव्या. ग्रॉपी स्वतः त्याच दक्षिण बाजूला वाढलेले, इटालियन घरातले. त्या पुलावर इथे जुना विनोद आहे, की हा जगातला सगळ्यात लांब पूल, आफ्रिकेला पोलंडशी जोडतो. मोर्चे २०० दिवस चालले, विस्कॉन्सिनच्या हिवाळ्यातसुद्धा. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, आठवड्याभरात केंद्राचा कायदा आला आणि महिनाअखेरीस मिलवॉकीचा स्वतःचा. पोलिश कुटुंबांची पुढची पिढी वेस्ट ॲलिस, ग्रीनफील्ड, न्यू बर्लिन अशा उपनगरांत हवी तिथे गेली. त्यांच्यासाठी कोणाला मोर्चा काढावा लागला नाही.

बाळ्या म्हणतो तो कायदा म्हणजे हाच केंद्राचा. तुमच्या एजंटबाई गप्प बसल्या, त्या यामुळे.

आता दस्त बघावे लागत नाहीत, प्लॉटचा आकार बघावा लागतो. अमुक क्षेत्रफळाखाली घर नाही, अपार्टमेंटला परवानगी नाही, एवढं लिहिलं की पुरे. न्यू बर्लिनमध्ये २०१० मध्ये परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा प्रकल्प आधी मंजूर झाला, गावात ओरड झाली तसा मागे घेतला. २०११ मध्ये केंद्राच्या न्याय खात्याने पालिकेवर भेदभावाचा दावा लावला, पुढच्या वर्षी समेट झाला. सभेत कोणी ब्लॅक हा शब्द उच्चारत नाही हो. "शाळांवर ताण", "गावाचं वळण बिघडेल", असं बोलतात. आपल्या गणपतीच्या जेवणाच्या पंगतीतही मी हेच ऐकलंय, शुद्ध मराठीत.

मुळशीकर

दस्तातल्या अटीचं माहीत नव्हतं. पण उद्या तुमच्या शेजारी अपार्टमेंट झालं आणि घराची किंमत पडली तर?

तोसाकरीण

झालंय की. नॉर्थ ॲव्हेन्यूकडे पूर्व तोसात जुने डुप्लेक्स (खाली एक घर, वर एक) आणि छोट्या चाळवजा इमारती आहेतच. घरं बाजारात आली की पहिल्याच शनिवार-रविवारी विकली जातात. किमतीची काळजी तुम्ही करू नका.

सोलापुरी_चादर

ताई, इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल खूप धन्यवाद. ऑफिसात कोणी यातलं काही बोललं नव्हतं. बायको म्हणते शाळेचं आधी बघा, बाकी सगळं नंतर. तिचंही बरोबर आहे. मग ब्रुकफील्ड नकोच म्हणता का?

तोसाकरीण

असं कुठे म्हटलं? ब्रुकफील्डच्या शाळा उत्तम आहेत, आपली माणसंही पुष्कळ आहेत, पेवॉकीचं मंदिर जवळ. तिथे घ्यायचं तर खुशाल घ्या. पण "शहराकडे बघूच नका" हे ऐकून घेऊ नका, बघून ठरवा. शहरातल्या शेर्मन पार्क वस्तीत एक चक्कर मारा. गोरे पळून जात होते तेव्हा तिथल्या लोकांनी सत्तरीच्या दशकात संघटना काढून मिश्र वस्ती टिकवायला लढा दिला. विटांची ती घरं बघून तुमचा जीव जडेल. ब्राउन डिअर हे उपनगर असून मिश्र आहे. आणि पहिलीतली पोर आहे, एकाच पगारावर सगळं चालणार असेल, तर शोरवुड किंवा पूर्व तोसातला डुप्लेक्स जरूर बघा. खाली राहा, वरचा मजला भाड्याने द्या, हप्त्याला हातभार लागतो. शाळा चालत जाण्याइतकी जवळ. मोठ्या प्लॉटच्या गावात ही सोयच नाही, कारण डुप्लेक्स बांधूच देत नाहीत.

एक सांगून ठेवते. वरचा मजला द्यायची वेळ आली की देशी व्हॉट्सॲप ग्रुपवर "ओन्ली इंडियन फॅमिली" असं टाकू नका. तोच १९६८ चा कायदा जाहिरातीलाही लागू आहे, स्वतः राहत्या घरातला मजला असला तरी.

प्रॉपर्टी टॅक्सचं बिल डिसेंबरमध्ये येतं. विकणाऱ्याकडून गेल्या वर्षीचं आताच मागून घ्या, टेक्सासची सवय असली तरी एकदा आकडा बघितलेला बरा.