साइड व्हीलची स्कूटर, पहिलाच पावसाळा आणि घोडबंदर रोड… कशी चालवू?

तीनचाकी_मावशी

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

वय ४१, डावा पाय लहानपणीच पोलिओत गेला, कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्टी) लावते आणि एक कुबडी. इतकी वर्षं रिक्षा नाहीतर टीएमटी (ठाण्याची बस), या मार्चमध्ये एकदाची हिंमत केली आणि ११० सीसीची स्कूटर घेऊन मागे दोन्ही बाजूंना चाकं बसवून घेतली. म्हणायला तीनचाकी, मोजली तर चार भरतात, पण सोसायटीतली पोरं तीनचाकी मावशी म्हणतात तर तेच नाव इथे घेतलंय. कासारवडवली ते वागळे इस्टेट जाऊन येऊन, उन्हाळाभर राणीसारखी फिरले.

मग जूनची पहिली सर आली, ऑफिसातून निघाले तेव्हा नुकती सुरू झालेली, आणि त्या एका संध्याकाळी दोन गोष्टी झाल्या. कापूरबावडीला घोडबंदरकडे डावीकडे वळताना हँडल वळवलं तर गाडी वळायचं सोडून सरळच निघाली, बाजूच्या लेनमध्ये, मागून बस. घाबरून ब्रेक दाबला तर अजूनच सरळ. नशीब बसवाला शहाणा होता. आणि पुढे पातलीपाड्याच्या सर्व्हिस रोडला, जिथे काँक्रीट संपून डांबर लागतं तिथे उजवं छोटं चाक वर चढलं, डावं दुसऱ्या उंचवट्यावर, आणि मी ॲक्सिलरेटर देतेय, इंजिन बोंबलतंय, गाडी जागची हलत नाही. एका पोराने ढकललं तेव्हा सुटले.

किट बसवणाऱ्याला फोन केला तर म्हणे "मॅडम पावसात हळू चालवा". बरं. आई म्हणते चार महिने झाकून ठेव. पण मग परत रोज रिक्षाच्या लायनीत भिजत उभं राहायचं का? पावसात साइड व्हीलवाली खरंच चालवणारं कोणी असेल तर सांगा, ब्रेक कसा मारायचा, वळायचं कसं, आणि रेनकोटचं काय करता ते पण.

घणसोली_टू_ठाणे

ताई, आधी शांत व्हा, तुमच्या गाडीत बिघाड नाही, सगळ्यांची अशीच वागते. मी बारा वर्षं चालवतोय, दोन गाड्या झाल्या, ठाणे-बेलापूर रोड आणि विटाव्यावरून ठाण्यात. ढकलून घ्यायची वेळ माझ्यावर तर तीनदा आलीय.

पहिली गोष्ट डोक्यातून काढायची ती ही की आपण स्कूटर चालवतोय. दिसते स्कूटर, पण ती हातगाडीच्या जातीची आहे. दुचाकी कलते आणि कलून वळते, आपली कलत नाही, तिला हँडलनेच ओढून वळवावं लागतं आणि ते सगळं काम पुढचं एकटं बारकं चाक करतं. कोरड्यात ते निभावून नेतं, ओल्यात त्याची पकड सुटली की हँडल कितीही वळवा, गाडी आधी जात होती तिकडेच जाणार. तुम्ही वर ब्रेक मारलात म्हणजे त्याच बिचाऱ्या चाकाला वळायचं आणि थांबायचं अशी दोन्ही कामं एकदम सांगितलीत. तसं झालं तर ब्रेक सोडायचा, हँडल थोडं सरळ करायचं (हो, सरळ, मनाविरुद्ध आहे पण करायचं), चाक परत पकडलं की मग हळू वळवायचं. पण मुळात ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना, लांबूनच हलका हलका मारून संपवायचा आणि वळणात फक्त थोडा गॅस. कोरड्यात ज्या वळणावर ३० ने जाता तिथे पावसात १५. लोक हसू देत. वेग ४० चा ३० केला ना तरी वळणावर बाहेर ढकलणारा जोर जवळजवळ निम्मा होतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो, शाळेतलं एवढं एकच फिजिक्स मला आयुष्यात कामाला आलं.

अंग आतल्या बाजूला टाकायचं. डावीकडे वळताय तर सीटच्या डाव्या बाजूला वजन, खांदा डावीकडे. नाहीतर आतलं चाक हलकं होतं. तुमचा डावा पाय कमजोर आहे म्हणजे डाव्या वळणाला तुम्हाला जड जाणार, हातावर जोर येणार, तर तिथे अजून हळू.

आता त्या अडकण्याचं. ओढणारं चाक मधलं, बाजूची दोन नुसती फिरणारी. बाजूची दोन्ही उंचावर आली की मधलं हवेत लटकतं. तेव्हा नुसतं गाडी जात नाही असं नाही ताई, मागचा ब्रेकही गेला, कारण तोही मधल्या चाकालाच आहे! बहुतेक किटमध्ये छोट्या चाकांना ब्रेक नसतो. नव्या गाड्यांना सीबीएस असतं, डावा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो, म्हणजे मधलं हवेत असताना तुम्ही डावा दाबलात तरी थांबवतंय पुढचंच. हे कळल्यावर मी खडबडीत ठिकाणी आधी वेग कमी करतो मग आत शिरतो.

तुम्ही म्हणालात पहिली सर, नुकती सुरू झालेली. तीच सगळ्यात वाईट. आठ महिन्यांचं ऑइल, डिझेल, धूळ, सगळं वर तरंगतं आणि साबण होतो. धो धो तासभर पडून गेल्यावर रस्ता उलट बरा असतो. मी पहिल्या पावसात अर्धा तास चहा पितो सरळ.

आरामखुर्ची

पावसात टायरची हवा थोडी कमी ठेवा, टायर पसरतो, ग्रिप वाढते. वाळूत जीपवाले करतात तसं. बाय द वे तिकडे बाहेर पियाजिओची एमपी३ आहे २००६ पासून, यामाहाची निकेन आली २०१८ ला, पुढे दोन चाकं आणि तरी बाईकसारखी कलते, पावसात पुढचं एक घसरलं तरी दुसरं धरतं. आपल्याकडे असं काही कधी येणार देव जाणे.

ग्रीस_आणि_पाना

@आरामखुर्ची दादा, निकेन ताईंना वागळे इस्टेटला नेणार आहे का आज? आणि हवा कमी करायला सांगू नका हो, वाळूचं वेगळं. पाण्यावर टायर तरंगायला लागतो तो हवा कमी असली की लवकर तरंगतो, पाणी कापायला टायर कडक लागतो, आणि मऊ टायरची नक्षी मधून दबून बंद होते. कंपनीने लिहिलंय तेवढी हवा, दर आठवड्याला, थंड टायरमध्ये. एवढंच.

मी कळव्याला गॅरेजवाला, किट बसवत नाही पण रिपेरला येतात बरेच, तर ताई तीन गोष्टी बघून घ्या. एक, बाजूच्या चाकांची उंची. पुष्कळ वेळा लोक ती खाली दाबून बसवतात, गिऱ्हाइकाला वाटतं वा काय स्थिर गाडी, पण त्याने गाडीचा भार छोट्या चाकांवर जातो आणि मधलं नुसतं टेकून राहतं, मग ओल्यात ते रिकामं फिरणारच. तुम्ही बसल्यावर, तुमच्या वजनासकट, मधल्या चाकावर चांगला भार यायला हवा. जॅक नको काही नको, दुसऱ्या कोणाला वाकून बघायला सांगा मधला टायर खाली किती दबतोय. बाजूला शॉकअप असतील तर त्यांची स्प्रिंग नरम करून मिळते. दोन, मधला टायर. साइड व्हीलवाल्या गाडीचा टायर मधोमध सपाट घासतो कारण ती कधी कलतच नाही, बाजूने बघितलं तर नक्षी नव्यासारखी दिसते म्हणून माणूस फसतो. मधे बोट फिरवून बघा. पुढचा टायर तर गुळगुळीत व्हायच्या खूप आधीच बदला, सगळा कारभार त्याच्यावर. तीन, छोट्या चाकांची बेअरिंग, गुडघाभर पाण्यातून एकदा गेली की ग्रीस धुवून जातं, महिन्याभरात खरखर सुरू.

आणि आरसीवर बदल नोंदवलाय ना? २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात "इनव्हॅलिड कॅरेज" जाऊन "ॲडाप्टेड व्हेइकल" आलंय, नाव तरी बरं दिलं. नोंद नसेल तर इन्शुरन्सचा क्लेम अडकतो, ठोकल्यावर आठवून उपयोग नाही.

मीटर_डाऊन

रिक्षा चालवतो ठाण्यात, वीस वर्षं झाली, म्हणून बोलतो. वरच्या दादांनी वळणाचं बरोबर सांगितलं, एक राहिलं. दुचाकीची चाकोरी एक, आपल्या तीन. दुचाकीवाला खड्डा चुकवतो, तुम्ही पुढचं चाक चुकवलंत की बाजूचं जातंच. म्हणून खड्डा चुकवायला हँडल कापू नका, तो झटका ओल्यात गाडी उलटवतो. ओल्यात गाडी आधी घसरते आणि घसरत जाऊन कोरडा तुकडा, डिव्हायडर नाहीतर काँक्रीटची कड लागली की तिथे पलटी. माझी गेलीय एकदा, साकेत पुलाखाली, मला वाटलं घसरली म्हणजे वाचलो. चाक खड्ड्यात गेलं तर जाऊ द्या, सरळ जाऊ द्या, हळू असलात तर फक्त कंबर दुखेल.

आणि मेट्रोच्या कामाच्या लोखंडी प्लेटा, पुलावरचे जोड, झेब्राचे पांढरे पट्टे, पेव्हर ब्लॉक, याच्यावर ब्रेकही नको, वळणंही नको, गॅसही सोडू नका एकदम. तसंच काँक्रीट आणि डांबराची जी कड असते ना, तिला तिरकं चढू नका, चाकं एकेक करून चढतात आणि गाडी तिरपी होते. शक्य तेवढं समोरून चढा. तुमचं पातलीपाड्याचं तेच झालं.

पाण्यातून गेलात की बाहेर आल्यावर ब्रेक हलका धरून पन्नास पावलं चालवा, लायनर सुकतो. नाहीतर पुढच्या सिग्नलला ब्रेक दाबाल आणि काहीच होणार नाही. पाणी चाकाच्या अर्ध्याच्या वर दिसलं तर घालूच नका. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली किंवा वंदना टॉकीजजवळ पाणी भरलं की आम्हीपण रिक्षा बाजूला लावतो. स्कूटरचा तर चाक फिरवणारा आतला पट्टा (बेल्ट) ओला झाला की घसरतो, इंजिन चालू आणि गाडी जागेवर. त्यातून बाजूचं छोटं चाक कुठल्या उघड्या चेंबरमध्ये जाईल ते दिसत नाही.

घणसोली_टू_ठाणे

@मीटर_डाऊन मालक, मी तर पावसात तुमच्याच लोकांच्या मागे असतो, जिथून रिक्षा गेली तिथून आपली गाडी जाते. बसच्या, ट्रेलरच्या मागे मात्र अजिबात नको, ते पाणी उडवतात त्यात काचेतून काही दिसत नाही.

मीटर_डाऊन

मागे राहा पण अंतर ठेवा दादा, पॅसेंजरने हात केला की आम्ही कुठे थांबू ते आम्हालाच माहीत नसतं 😄

घणसोली_टू_ठाणे

हे मात्र तुम्हीच कबूल केलंत. ताई, रेनकोटचं राहिलं. पोंचो घेऊ नका, अजिबात. आपल्या गाडीला बाजूला उघडं चाक आहे, पोंचोचा घेर वाऱ्याने मागे जातो आणि त्यात गुंडाळतो, माझ्या एका मित्राचा गळ्यापासून ओढला गेला होता, बटण तुटलं म्हणून बचावला. जॅकेट आणि पँट असा दोन तुकड्यांचाच. कॅलिपरवरून पँट चढत नाही हे माहितीय, मी टेलरकडून बाहेरच्या बाजूने कमरेपासून खालपर्यंत चेन मारून घेतली आणि आतून फ्लॅप, बसूनच घालता येते. ओढणी असेल तर आत खोचा. कुबडी डाव्या बाजूला उभ्या पाइपमध्ये ठेवता ना? पाइपला खाली भोक पाडा नाहीतर पाणी साठतं, आणि कुबडीचं रबर गाडीवरून उतरण्याआधी फडक्याने पुसा. गाडीवरून नाही पडलो कधी, ऑफिसच्या टाइल्सवर पडलोय दोनदा.

आणि रविवारी पाऊस असताना सोसायटीच्या रिकाम्या पार्किंगमध्ये १०-१५ च्या वेगाने आठचा आकडा काढा, मुद्दाम ब्रेक मारून गाडी कशी सरकते ते एकदा बघून घ्या. भीती जात नाही, पण ओळखीची होते.

तीनचाकी_मावशी

सगळ्यांचे खूप आभार, दोन आठवड्यांनी लिहितेय. ग्रीस दादा, बघून घेतलं, मधला टायर खरंच टेकून होता नुसता, मी बसल्यावरही दबत नव्हता. दुसऱ्या माणसाकडून बाजूची चाकं वर घेतली, आता गाडी थोडी डुलते, पहिल्या दिवशी घाबरले, पण त्या पातलीपाड्याच्या कडेवर काल नीट चढली. नोंद मार्चमध्येच झालीय. आठचे आकडे काढले, वरून दोन बाल्कन्यांत प्रेक्षक होते.

कापूरबावडीला १५ ने वळते, मागचे हॉर्न मारतात, मारू देत. एक मात्र लक्षात आलं, रस्ता डावीकडे उतरता असतो ना पाणी जायला, गाडी सारखी तिकडे ओढते, घरी पोचेपर्यंत उजवा खांदा गेलेला असतो. हे तुमच्याही गाडीला होतं का, की माझंच काहीतरी सेटिंग चुकलंय?

घणसोली_टू_ठाणे

होतं सगळ्यांना, न कलणारी गाडी उताराकडे जाणारच. लेनच्या मधोमध चालवा, कडेला उतार जास्त आणि पाणीही तिथेच. पण सपाट पार्किंगमध्ये हँडल ढिलं सोडून बघा, तिथेही डावीकडे जात असेल तर दोन्ही बाजूंची चाकं एका उंचीवर नाहीत, परत जाऊन मोजून घ्या.

तीनचाकी_मावशी

रविवारी बघते. टेलर मात्र चेनचे २५० मागतोय, नुसत्या चेनचे!

मीटर_डाऊन

द्या ताई. एका भिजलेल्या दिवसाचं रिक्षाभाडं आहे ते.