कौन्सेलरने बोलावलंय म्हणजे काय?

विषय: शाळेच्या कौन्सेलरने बोलावलंय

नमस्कार मंडळी,

आम्ही अमेरिकेत राहतो. आमची मुलगी यंदा नववीत, म्हणजे हायस्कूलच्या पहिल्या वर्षाला आहे. काल शाळेतून मेल आला की चार वर्षांच्या आराखड्यासाठी कौन्सेलरची भेट ठेवली आहे, पालकांनी शक्यतो यावं. वाचून आधी पोटात गोळाच आला. आमच्या घरी समुपदेशन हा शब्द निघतो तो काहीतरी बिनसल्यावरच. ह्यांनी ऑफिसातून फोन करून पहिला प्रश्न विचारला, "काय केलं तिने?" तिने काहीही केलेलं नाही. सगळ्या वर्गालाच आळीपाळीने बोलावलंय, असं ती म्हणते.

ज्यांची मुलं यातून गेली आहेत त्यांनी कृपया सांगा. तिथे काय विचारायचं? कॉलेजला अजून चार वर्षं आहेत, मग आतापासून ठरवून टाकायचं तरी काय? आम्ही दोघं भारतात शिकलो. दहावीनंतर सायन्स की कॉमर्स एवढाच प्रश्न होता, आणि तोही टक्क्यांनी परस्पर सोडवला. इथलं काही समजत नाही.

— नववीतल्या मुलीची आई


विषय: उत्तर: शाळेच्या कौन्सेलरने बोलावलंय

ताई, जरूर जा, आणि दोघंही जा. आम्ही नववीत गेलो नाही, दहावीत गेलो नाही. मुलाचे मार्क चांगले होते, मग कशाला कोणाचा वेळ घ्यायचा, असं वाटायचं. ते चुकलं.

अकरावीच्या शेवटी कौन्सेलरने एक फॉर्म पाठवला. ब्रॅग शीट म्हणतात त्याला. मुलाने एक भरायचा, पालकांनी एक. त्यावरून कौन्सेलर कॉलेजला शिफारसपत्र लिहितो. मी रात्री बसून रोबोटिक्स, गणिताची स्पर्धा, एपीचे विषय (शाळेतच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे कोर्स), पियानोच्या परीक्षा असं सगळं तारीखवार लिहिलं. दोन दिवसांनी बाईंचा फोन आला. फार अदबीने म्हणाल्या, "हे मला ट्रान्स्क्रिप्टवर (शाळेच्या गुणपत्रकावर) आणि त्याच्या अर्जात दिसतंच आहे. तो घरी कसा आहे, ते तुम्ही मला सांगा."

मला पटकन काही सुचेना. मग सौ. मागून म्हणाली, "बाबांच्या गोळ्यांचं सांगा ना."

माझे वडील तेव्हा सहा महिन्यांसाठी आले होते. त्यांना सकाळ-संध्याकाळ मिळून नऊ गोळ्या. डब्यांवरची नावं इंग्रजीत, अक्षरं बारीक, आणि दोन गोळ्या दिसायला सारख्या. मुलाने स्वतःहून त्यांच्यासाठी मराठीत तक्ता केला होता. प्रत्येक गोळीचा रंग, आकार, जेवणाआधी की नंतर, आणि कशासाठी. रविवारी रात्री तो आजोबांशेजारी बसून आठवड्याचा डबा भरायचा आणि प्रत्येक गोळी त्यांच्याकडून ओळखून घ्यायचा. हे आम्ही रोज बघत होतो, पण कागदावर लिहिण्यासारखी ही गोष्ट आहे असं आम्हाला वाटलंच नव्हतं. त्यालाही नाही.

कौन्सेलरबाईंनी नंतर त्याला बोलावून त्यावर अर्धा तास बोलतं केलं. त्याआधी घरात फक्त कम्प्युटर सायन्सचं चाललं होतं. फार्मसी हा शब्द त्या अर्ध्या तासात पहिल्यांदा निघाला. आज तो त्याच शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पत्रात त्यांनी काय लिहिलं ते आम्हाला माहीत नाही. कॉमन ॲपवर, म्हणजे अनेक कॉलेजांसाठीच्या एकाच ऑनलाइन अर्जावर, पत्र पाहण्याचा हक्क सोडल्याची खूण बहुतेक मुलं करतात, त्यानेही केली होती.

— एक बाबा


विषय: उत्तर: उत्तर: शाळेच्या कौन्सेलरने बोलावलंय

नमस्कार,

मी स्वतः एका पब्लिक हायस्कूलमध्ये कौन्सेलर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ताई, तुमच्या पोटात गोळा आला त्यामागे थोडा या पेशाचा इतिहासही आहे. १९०८ साली बॉस्टनमध्ये फ्रँक पार्सन्स यांनी व्होकेशन ब्युरो सुरू केला, तो तरुणांना साजेसं काम शोधून देण्यासाठी. पुढे १९५७ मध्ये सोव्हिएत रशियाचा स्पुटनिक उपग्रह उडाला आणि १९५८ च्या नॅशनल डिफेन्स एज्युकेशन ॲक्टने शाळांना कौन्सेलरसाठी पैसे दिले. हेतू हा, की गणित-विज्ञानात चमकणारी मुलं हेरून कॉलेजकडे वळवायची. म्हणजे सुरुवातीपासून हे काम पुढच्या वाटेचंच होतं. मनाच्या अडचणी त्यात हळूहळू आल्या, कारण रात्रभर न झोपलेल्या मुलाला विषय निवडता येत नाहीत. आता अभ्यास, करिअर आणि मन या तिन्हींचं काम एकाच खुर्चीकडे आहे.

नववीच्या भेटीत आम्ही आयुष्याचा निकाल लावत नाही. दारं बंद होऊ नयेत एवढंच पाहतो. उदाहरणार्थ गणित. जी मुलगी नववीत जिओमेट्रीला आहे ती सरळ चालत राहिली तर बारावीत कॅल्क्युलसला पोचते. जिओमेट्रीच्या एक पायरी आधीच्या अल्जिब्रा वनपासून सुरुवात असेल आणि पुढे इंजिनिअरिंग करायचं असेल, तर मध्ये कुठे वेग घ्यायचा हे आता बोलावं लागतं. बारावीत बोलून उपयोग नसतो. परकी भाषा, प्रयोगाचे विषय, एपी, कम्युनिटी कॉलेजबरोबरचं ड्युअल एनरोलमेंट (शाळेत असतानाच जवळच्या दोन वर्षांच्या कॉलेजचे कोर्स घेणं) यांचंही तेच. आपले पालक विचारतात, "जास्तीत जास्त एपी किती घेता येतील?" कॉलेज मुलाकडे त्याच्या शाळेच्या चौकटीत पाहतं. शाळेत किती एपी शिकवतात हे आम्ही पाठवतो त्या स्कूल प्रोफाइलमध्ये असतं, आणि मुलाने उपलब्ध विषयांपैकी किती कठीण घेतले हे स्कूल रिपोर्टवर, म्हणजे शाळा कॉलेजला पाठवते त्या अहवालावर, मीच नोंदवते. त्यामुळे शेजारच्या गावातल्या मुलाने अकरा घेतले म्हणून आपल्याने घ्यायची गरज नाही.

दोन गोष्टी आपल्या लोकांसाठी मुद्दाम. घरात एच-४ व्हिसा (एच-१बी वर काम करणाऱ्यांच्या कुटुंबीयांचा) असेल तर पहिल्याच भेटीत सांगा. एच-४ वरच्या मुलांना फाफ्सा या अर्जातून मिळणारी केंद्र सरकारची कॉलेजखर्चाची मदत मिळत नाही, आणि २१ पूर्ण झाल्यावर तो दर्जाही संपतो. काही राज्यं अशा मुलांना राज्यातल्या रहिवाशांची फी लावतात, काही खासगी कॉलेजं स्वतःच्या निधीतून मदत देतात. पण कॉलेजची यादी त्या हिशेबाने करावी लागते. प्रत्येक कौन्सेलरला व्हिसाचे बारकावे ठाऊक असतातच असं नाही, आणि मूल स्वतःहून सांगत नाही. मुलं इथेच जन्मलेली असतील तर आईवडील कुठल्याही व्हिसावर असोत, फाफ्सा जरूर भरा.

दुसरं, मुलाला एडीएचडी (लक्ष टिकवण्यातली अडचण), मधुमेह, फार चिंता, असं काही असेल तर लपवू नका. १९७३ च्या रिहॅबिलिटेशन ॲक्टच्या कलम ५०४ खाली परीक्षेत जास्त वेळ, मधली सुट्टी, स्वतंत्र खोली अशा सोयी मिळू शकतात. एसएटी (कॉलेज प्रवेशासाठीची परीक्षा) आणि एपीच्या परीक्षांसाठी त्या घेणाऱ्या कॉलेज बोर्डाची वेगळी मंजुरी लागते आणि तिला सात आठवड्यांपर्यंत लागू शकतात. "रेकॉर्डवर येईल" या भीतीने दोन वर्षं हाल काढलेली मुलं मी पाहिली आहेत. ही नोंद ट्रान्स्क्रिप्टवर येत नाही.

— मंडळातली एक ताई


विषय: उत्तर: उत्तर: शाळेच्या कौन्सेलरने बोलावलंय

ताईंनी चांगलं लिहिलं आहे, पण सगळीकडे असं नसतं हेही नव्या पालकांना कळावं. आमच्या मुलाला चार वर्षांत तीन कौन्सेलर झाले. अकरावीच्या मार्चमध्ये कळलं की त्याला हव्या असलेल्या विषयासाठी आधी घ्यायचा विषय राहून गेला आहे. आधीच्या व्यक्तीने "पुढच्या वर्षी बघू" म्हटलं होतं, नवीन व्यक्तीला त्याचा पत्ताच नव्हता. मुलाने तो विषय उन्हाळ्यात ऑनलाइन केला, भारतवारी रद्द झाली, आजीची भेट राहिली. आम्ही शेवटी खासगी कन्सल्टंट लावला. मेलला उत्तर दहा दिवसांनी येत असेल तर पालकांनी दुसरं काय करावं?

— बारावी झालेल्या मुलाचे वडील


विषय: उत्तर: उत्तर: शाळेच्या कौन्सेलरने बोलावलंय

काका, तुमच्या मुलाच्या बाबतीत झालं ते व्हायला नको होतं. आजीची भेट राहिली हे वाचून वाईट वाटलं.

आमच्या संघटनेची, अमेरिकन स्कूल कौन्सेलर असोसिएशनची, शिफारस २५० मुलांमागे एक कौन्सेलर अशी आहे. देशाची सरासरी साडेतीनशेच्या वर आहे. माझ्याकडे सध्या ३८० मुलं आहेत. मागच्या मंगळवारी सकाळी एका मुलीच्या आईचं आजारपण, मग दोन शिफारसपत्रं, मग बाथरूममध्ये रडत असलेला नववीतला मुलगा, आणि तो शांत होईपर्यंत तीन वाजले. त्या दिवशीचे एकवीस मेल तसेच राहिले. हे तुमच्या तक्रारीचं उत्तर नव्हे. तुम्ही स्कूल बोर्डाच्या सभेत उभं राहून हे बोलावं असं मला मनापासून वाटतं, कारण जागा भरायच्या की नाही ते तिथे ठरतं.

तोवर अनुभवाने सांगते: शाळा सुरू होतानाचे पहिले दोन आठवडे वेळापत्रक बदलण्यात जातात, ते टाळा. मेलमध्ये एकच प्रश्न, मुलाचं नाव, इयत्ता आणि विद्यार्थी क्रमांक. भेटीत जे ठरलं ते त्याच संध्याकाळी चार ओळींत लिहून कौन्सेलरला पाठवा. माणूस बदलला तरी तो मेल राहतो. आणि नववीनंतर मेल मुलांनाच लिहू द्या. ज्याच्याशी तीन वर्षांत सहा वेळा बोलले, त्याच्याबद्दल लिहायला माझ्याकडे काही असतं.

खासगी कन्सल्टंट निबंधाला मदत करील, पण ट्रान्स्क्रिप्ट आणि स्कूल रिपोर्ट शाळेकडूनच जातो. त्यामुळे ही ओळख टाळून चालत नाही.

— ताई


विषय: उत्तर: उत्तर: शाळेच्या कौन्सेलरने बोलावलंय

मंडळी, आज जाऊन आलो. सगळ्यांचे मनापासून आभार.

आम्ही प्रश्नांची वही घेऊन गेलो होतो. कौन्सेलरने आमच्याकडे पाहिलंही नाही, मुलीला विचारलं, "कुठल्या तासाला घड्याळाकडे बघायचं विसरतेस?" मला वाटलं बायॉलॉजी म्हणेल, कारण मी सगळ्यांना तसंच सांगत आले आहे. ती म्हणाली, ह्यूमन जिओग्राफी. नकाशे. कोणत्या वस्तीतून दवाखाना किती लांब, असले नकाशे ती घरी स्वतःच काढत बसते म्हणे. आम्हाला वाटायचं ती प्रोजेक्ट करते आहे.

मग त्यांनी जीआयएसचा, म्हणजे कम्प्युटरवर नकाशे आणि माहिती जोडण्याचा, कोर्स दाखवला. कम्युनिटी कॉलेजचा आहे, अकरावीत घेता येतो, पण आधी स्टॅटिस्टिक्स केलं तर बरं. आराखड्यात तो पेन्सिलीने लिहिला. गणिताची वाट तशीच ठेवली. फेब्रुवारीत विषय निवडायचे आहेत, तेव्हाचा मेल मुलगीच लिहिणार. मी आल्या आल्या ठरलेलं सगळं चार ओळींत लिहून पाठवलं.

शेवटची दहा मिनिटं त्यांनी आम्हाला बाहेर बसायला सांगितलं. कोणाच्या जिवाला धोका असल्याशिवाय किंवा कोणी त्रास देत असल्याशिवाय आतलं बोलणं बाहेर जात नाही, हेही आधीच स्पष्ट केलं. काचेतून दिसत होतं की ती बोलते आहे आणि हात हलवते आहे. घरी ती एवढी बोलत नाही. गाडीत बसताना ह्यांनी विचारायला तोंड उघडलं, मी हाताने थांबवलं. अजून विचारलेलं नाही.

— नववीतल्या मुलीची आई